मोजणी चालू आहे

त्या खोलीत पाऊल टाकलं की तिला आधी वासाचीच शिसारी यायची. नवा गालिचा, भिंतींना चिकटवलेले काळ्या फोमचे तुकडे, त्यामागचा गोंद आणि खिडक्या कायमच्या बंद केल्यामुळे आतल्या आत कोंडलेली हवा. नवऱ्याला मात्र तोच वास श्रीमंतीचा वाटायचा. तो दारातच डोळे मिटून छाती भरून श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "थिएटर!"

छाती भरून श्वास घेणं त्याला परवडत होतं. पलीकडच्या खोलीत त्याच्या बापाला ते जमत नव्हतं.

नाना म्हणजे तिचे सासरे. फुफ्फुसं पार निकामी होत आलेली. नाकात नळी आणि नळीचं दुसरं टोक पलंगाशेजारच्या ऑक्सिजनच्या मशीनला. ते मशीन रात्रंदिवस घरघरायचं, मध्येच फुस्स करायचं, पुन्हा घरघरायला लागायचं. डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं होतं, "हे बंद राहता कामा नये. वीज गेली तर लगेच सिलिंडर लावा. बंद पडलं तर त्यांचं त्यांनाच आधी कळणार नाही. नुसती गुंगी येईल, आणि मग तुमच्या हातात फार वेळ उरणार नाही." ती प्राण कानात आणून ऐकत होती. नवरा मोबाइलवर स्पीकर बघत होता.

थिएटर झालेली खोली मुळात नानांचीच. घरातली मोठी, दोन खिडक्यांची, उजेडाची. "तुम्हाला काय नाना, पडूनच तर राहायचंय," असं म्हणून नवऱ्याने त्यांना शेजारच्या अडगळीच्या खोलीत हलवलं आणि नानांनी हूं का चूं केलं नाही. नाना जन्मभर शाळेत शिपाई होते. परीक्षा सुरू झाली की पोरांना त्रास नको म्हणून चपला काढून व्हरांड्यातून फिरणारा हा माणूस. दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये एवढंच ते आयुष्यभर शिकले होते, आणि पोराने त्याचा पुरेपूर फायदा उठवला.

आज संध्याकाळी नवऱ्याचे ऑफिसातले साहेब बायकोला घेऊन येणार होते, खास थिएटर बघायला. त्यामुळे सकाळपासून खोलीचा आवाज बसवायचं काम चाललं होतं. त्यासाठी नवऱ्याने आपल्या एका मित्राला बोलावलं होतं. हा मित्र कुठल्याशा दुकानात हिशेब तपासायचा, पण बोलायचा मात्र असा की जगातले सगळे स्पीकर त्याला विचारूनच वाजतात. तिने मनातल्या मनात त्याचं नाव डेसिबल ठेवलं होतं. डेसिबल आला की आधी बूट काढायचा, आणि मग त्याच्या मोज्यांचा वास गोंदाच्या वासात मिसळायचा. चहाचा कप तो गालिच्यावर ठेवायचा, बिस्किट बुडवायचा आणि अर्धं बिस्किट कपातच सोडून द्यायचा. नंतर तो लगदा बोटाने काढायचं काम अर्थातच तिचं.

"वहिनी, हे सायन्स आहे," तो म्हणाला. "मधल्या खुर्चीवर जिथे माणसाचा कान येतो, तिथे हा माइक ठेवायचा. प्रत्येक स्पीकर आपली एक शिट्टी वाजवणार. माइक ती ऐकणार, आणि कुणाचा आवाज किती कमी, किती जास्त ते मशीनच ठरवणार. फक्त तेवढा वेळ खोलीत चिडीचूप पाहिजे."

"म्हणजे घरात," नवरा म्हणाला.

मधल्या खुर्चीवर तिपाई, तिपाईवर लिंबाएवढा काळा माइक. नवऱ्याने बटन दाबलं आणि दोघे दाराबाहेर येऊन चोरासारखे उभे राहिले. आतून "फुऊऊईप" असा खालून वर चढत जाणारा आवाज आला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. मग पाठीमागून. आणि मग पडद्यावर लाल अक्षरं उमटली: खोलीत गोंगाट जास्त आहे किंवा स्पीकरचा आवाज फार कमी आहे. तपासून पुन्हा प्रयत्न करा.

"गोंगाट जास्त आहे," नवऱ्याने जाहीर केलं.

"पुढे पण काहीतरी लिहिलंय," ती म्हणाली.

"ते उगाच लिहितात. कंपनीवाल्यांना सगळंच लिहावं लागतं."

तरीही डेसिबलने जमिनीवरच्या मोठ्या स्पीकरच्या मागचं बटन पिळलं, आवाज चढवला आणि पुन्हा मोजणी लावली. या वेळी तो "फुऊऊईप" असा निघाला की स्वयंपाकघरातली फडताळं थरथरली. पुन्हा तीच लाल अक्षरं. डेसिबलने हात झटकले. "झालं! एवढं बोंबलतंय तरी चालत नाही, म्हणजे स्पीकर ठीक आहेत. म्हणजे गोंगाटच."

"आणि माइक?" तिने विचारलं.

दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने देवळात चप्पल घातली. "माइक कोरा करकरीत आहे," नवरा म्हणाला. "कालच खोक्यातून काढलाय. त्याला मी अजून बोटसुद्धा लावलेलं नाही."

ते मात्र खरं होतं. नवऱ्याच्या घरात कोरी वस्तू कोरीच राहायची. रिमोट आलेल्या पिशवीतच असायचे आणि पिशवीवरून बटनं दाबायची. टीव्हीच्या कडांवरची फिल्म कोपऱ्यात सुटून लोंबायची, पण काढायची नाही. थिएटरच्या खुर्च्यांवर जाड प्लॅस्टिक होतं आणि त्यावर बसलं की उठताना मांड्या चिकटून टर्रकन आवाज यायचा. साहेब येणार म्हणून ते आज सकाळी निघालं, तेही घडी घालून ठेवायला. ह्या माणसाला वस्तूंची इतकी काळजी होती की माणसांसाठी काही शिल्लकच राहिलं नव्हतं, असं तिला हल्ली रोज वाटायचं.

मग गोंगाटाची शिकार सुरू झाली. पंखे बंद झाले. फ्रीज बंद झाला आणि आतल्या केकला घाम फुटायला लागला. भिंतीवरचं घड्याळ उतरवून गादीखाली कोंबलं. माशांच्या टाकीतली हवेची मोटर बंद केली, तसे मासे वर येऊन पाण्याच्या काठाशी तोंडं उघडायला लागले. डेसिबल प्रत्येक भिंतीला कान लावून घरभर सरपटत होता आणि त्याच्या घामट कानाचे ओले डाग रंगावर उमटत होते. दार करकरू नये म्हणून ते किंचित उचलून कसं लावायचं, तेही त्याने नवऱ्याला शिकवलं. तिला वाटलं, पोचारा घेऊन याच्या मागून फिरावं, नाहीतर तोच पोचारा याच्या तोंडात कोंबावा. दर वेळी "फुऊऊईप", दर वेळी लाल अक्षरं, आणि दर वेळी नवरा घरातल्या कुणाकडे तरी चोर पकडल्यासारखा बघायचा. एकदा तिला खोकला आला तर म्हणाला, "तुला आत्ताच सुचलं?"

शेवटी डेसिबल थिएटरच्या आतल्या भिंतीला कान लावून थांबला. डोळे मिटले. मग एक बोट वर केलं.

"इथे आहे. एकसारखी घरघर. मध्येच फुस्स."

भिंतीपलीकडे काय आहे ते तिघांनाही माहीत होतं.

"पाच मिनिटं," नवरा हळूच म्हणाला. बायकोकडे न बघता, भिंतीकडे बघून म्हणाला. "पाच मिनिटांत मोजणी होते सगळी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोलताना जीभ कशी झडत नाही तुमची? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"अगं, वीज जाते तेव्हा नाही का बंद पडत?"

"तेव्हा मी धावत जाऊन सिलिंडर लावते. तुम्ही इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो का ते बघत असता."

"मग आत्ताही सिलिंडर लावू," डेसिबल समजूतदारपणे म्हणाला. "त्याचा आवाज कमी असतो. वहिनी, जरा प्रॅक्टिकल व्हा."

"तो सिलिंडर अडीअडचणीला आहे, भावजी. तुमच्या शिट्ट्यांसाठी नाही. त्या मशीनला हात लावाल तर बघा. सांगून ठेवते."

नवऱ्याने दोन्ही हात वर केले. "बरं बाई, राहिलं. नाही लावत हात." मग एकदम मवाळ आवाजात म्हणाला, "तू एक काम कर. वरच्या मजल्यावर काहीतरी ठोकतायत. त्यांना जरा थांबायला सांगून ये. मी सांगितलं तर भांडण होतं, तुझं ऐकतील."

ती गेली. नवऱ्याचा मवाळ आवाज ऐकला की पूर्वी तिला बरं वाटायचं. आता पाल अंगावर पडल्यासारखं व्हायचं, पण तरी ती गेली. वरच्या बाईने दार उघडलं, तिच्या हातात लाटण्याएवढी हातोडी, चित्राचा खिळा ठोकत होती म्हणे, आणि तो कधीच ठोकून झाला होता. दोन शब्द बोलून, माफी मागून ती जिना उतरली. दाराशी आली तर आतून "फुऊऊईप" चालू होतं. दोन शिट्ट्यांच्या मध्ये घर शांत होतं. अगदीच शांत होतं.

चप्पल न काढता ती तशीच आत धावली.

नाना पलंगावर उशीला टेकून बसले होते. नळी नाकातच होती. मशीनवरचा हिरवा दिवा विझला होता. ओठ निळसर झाले होते, तोंड उघडं होतं आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे ताणले जात होते. तिला बघून त्यांनी बोट उचललं आणि ओठांवर ठेवलं.

"श्श," नाना म्हणाले. "मोजणी... चालू आहे."

तिने झडप घालून बटन दाबलं. मशीन सुरू होताना नेहमीसारखं मोठ्याने किंचाळलं आणि मग घरघरायला लागलं. तिने नानांना पुढे वाकवलं, पाठीवर हात ठेवला. बनियन घामाने चिंब झालं होतं. "सावकाश, नाना. नाकाने घ्या. तोंडाने सोडा." नानांचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. ती फक्त ओठांचा रंग बघत होती.

दार धाडकन उघडलं. नवरा दारात उभा होता, तोंड लालबुंद. "कुणी चालू केलं? शेवटचा स्पीकर राहिला होता! शेवटचा!"

तिने नुसतं नानांचं तोंड हनुवटीला धरून त्याच्याकडे वळवलं.

नवऱ्याने पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा पडला, हे तिला मान्य करावं लागलं. "पण मी विचारलं होतं त्यांना," तो म्हणाला. "तेच म्हणाले बंद कर म्हणून. हो ना, नाना? त्रास झाला तर हाक मारा असंही सांगितलं होतं मी."

"मीच म्हणालो," नाना म्हणाले. एकेक शब्द निवडून, एकेक श्वास घेऊन. "राजाचा... दोष नाही."

एवढ्यात नवऱ्याच्या खांद्यामागून डेसिबलचं डोकं डोकावलं. त्याच्या एका हातात माइक होता. दुसऱ्या हाताच्या नखावर नखाएवढाच गोल, पारदर्शक तुकडा चिकटला होता.

"अरे, गंमत ऐक," तो म्हणाला. "याच्या तोंडावर प्लॅस्टिकची फिल्म होती. काढलीच नव्हतीस तू! बिचाऱ्याला काही ऐकूच येत नव्हतं. तोंड दाबून धरलं तर कसं ऐकणार तो?"

नवरा त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग तो हसला. आधी नाकातून आणि मग पोट धरून. डेसिबलही हसला. नानासुद्धा हसले, कारण पोरगा हसतोय. हसता हसता त्यांना ढास लागली आणि ती त्यांची पाठ चोळत राहिली. तिला वाटलं, आपण या दोघांच्या अंगावर थुंकलो तर तेसुद्धा पुसून हसतील.

फिल्म काढल्यावर मोजणी पहिल्याच फटक्यात झाली. मशीन चालू, फ्रीज चालू, पंखे चालू, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवत होतं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. नवरा उड्या मारत नानांच्या खोलीत आला. "नाना, तुमच्या मशीनचा काही दोष नव्हता बरं का!" जणू इतका वेळ नाना आरोपीच्या पिंजऱ्यात होते आणि यानेच मोठ्या मनाने त्यांना सोडून दिलं. नानांनी हात जोडले. खरोखरच जोडले. तिने दुसरीकडे बघितलं.

दुपारभर ती नानांजवळून हलली नाही. त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून आकडा बघत बसली. आकडा हळूहळू चढत गेला. "पुन्हा असं करायचं नाही, नाना," तिने बजावलं. "कुणीही सांगितलं तरी. मला वचन द्या." नाना म्हणाले, "बरं, पोरी." नाना सगळ्यांनाच बरं म्हणायचे, हे तिच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

संध्याकाळी साहेब आले. साहेबांची बायको अत्तरात बुडून आली होती. गोंद, मोजे आणि अत्तर असा तिहेरी वास त्या बंद खोलीत भरला आणि ती सरबताचे पेले घेऊन आत गेली तेव्हा तिने श्वास रोखून धरला. मधल्या खुर्चीत साहेबांना बसवलं होतं. नवरा त्यांच्या पायाशी गालिच्यावर बसून सांगत होता, "साहेब, आवाज अगदी तुमच्या कानाच्या मापाने बसवलाय."

"मापाने म्हणजे?"

"म्हणजे शिंप्यासारखं, साहेब. खास तुमच्या कानाला."

डेसिबलने मान डोलावली. सकाळी भिंतींना लावलेला कान त्याने बहुधा तसाच आणला होता, रंगाचा ठिपका अजून पाळीवर होता.

पिक्चर सुरू झाला. गाड्या आदळल्या, काचा फुटल्या, हेलिकॉप्टर छतावरून पाठीमागे गेलं आणि साहेबांच्या बायकोने खरंच मान वळवून वर पाहिलं. नवऱ्याचा चेहरा पडद्याच्या उजेडात तुपाने माखल्यासारखा चकाकत होता. मग एकदम सगळं थांबलं. पडद्यावर एक माणूस बर्फात एकटाच उभा होता. काहीच आवाज नव्हता.

"वा," साहेब कुजबुजले. "काय शांतता आहे! इतक्या भर वस्तीत ही शांतता मिळवलीत कुठून?"

तिने हातातला ट्रे तिथेच खाली ठेवला. भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. घरघर नाही, फुस्स नाही.

ती बाहेर पडली. नानांच्या खोलीत अंधार होता, हिरवा दिवाही नव्हता. तिने चाचपडत बटन गाठलं. बटनावर आधीच एक हात होता, थंड, घामेजलेला. तो तिने बाजूला केला. मशीन किंचाळलं, आणि पलीकडच्या खोलीत कुणीतरी "हे काय?" म्हणाल्याचं तिला ऐकू आलं. तिने दिवा लावला. नानांची बुबुळं वर गेली होती. तिने हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, छातीशी धरून हलवलं. बऱ्याच वेळाने नानांनी डोळे खाली आणले आणि तिला ओळखलं.

"का, नाना? का केलंत? मशीनचा दोष नव्हता म्हणून सांगितलं ना तुम्हाला?"

"राजाची माणसं आलीत," नाना म्हणाले. "चांगलं चाललंय त्याचं. उगाच... मध्ये माझी घरघर."

तेवढ्यात दाराशी सावली आली. तिला वाटलं, आता तरी आत येईल. आत येईल, बापाचा हात हातात घेईल, निदान एकदा नाना म्हणेल. दार थोडं किलकिलं झालं. फटीतून नवऱ्याचा हात आत आला, मनगटावरचं घड्याळ साहेबांसाठी मुद्दाम घातलेलं. त्या हाताने दाराची कड धरली, डेसिबलने शिकवलं होतं तसं दार आधी किंचित उचललं, आणि आवाज होऊ न देता अलगद ओढून घेतलं.

दार लागलं. पलीकडे गाड्या पुन्हा आदळायला लागल्या.

तिला त्या हाताची किळस आली. तो हात आपल्याही अंगावरून फिरलाय हे आठवून स्वतःच्या कातडीची किळस आली. नानांचा हात पुन्हा सवयीने बटनाकडे निघाला होता, तो तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"श्वास घ्या, नाना," ती म्हणाली, आणि आवाज दाबायचा तिने मुळीच प्रयत्न केला नाही. "मोठ्याने घ्या. ऐकू जाऊ दे सगळ्यांना."

नानांनी बंद दाराकडे पाहिलं आणि हळूच, आवाज न करता, श्वास घेतला.